विंचवाचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण फिरस्त्या माणसाबद्दल म्हणतो. त्यात थोडी थट्टा असते, थोडी कीवही असते. संगणकाच्या इतिहासात मात्र अशाच एका पाठीवरच्या बिऱ्हाडाने मोठे काम केले आहे. पेन ड्राइव्हवर मावणारी आणि यंत्रातल्या एका अक्षरालाही धक्का न लावता चालवून पाहता येणारी मुक्त संगणकप्रणाली, हे ते बिऱ्हाड. ते नुसते तंत्रज्ञांच्या सोयीचे नाही. आपल्यासारख्या सीमाभागातल्या शाळांच्या पैशाचा आणि भाषेचा प्रश्न त्यात गुंतला आहे, म्हणून त्याचा इतिहास सांगावासा वाटतो.

या कथेची सुरुवात १९८३ सालची. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी त्या वर्षीच्या सप्टेंबरात ‘ग्नू’ नावाच्या प्रकल्पाची घोषणा केली. प्रणाली कोणालाही वापरता यावी, तिची रचना अभ्यासता यावी, तीत बदल करता यावा आणि ती दुसऱ्याला देता यावी, असा त्यांचा आग्रह होता. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दामुळे जो घोटाळा होतो, तो मराठीत होण्याचे कारण नाही. आपल्याकडे ‘मोफत’ वेगळे आणि ‘मुक्त’ वेगळे. स्टॉलमन बोलत होते ते मुक्ततेबद्दल. पुढे १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला. तोच लिनक्स. ग्नूची अवजारे आणि लिनक्सचा गाभा एकत्र आले आणि मुक्त प्रणाली उभी राहिली.

परंतु हक्क मिळाला म्हणून तो सर्वांना बजावता येतोच असे नाही. नवी प्रणाली बसवायची म्हणजे संगणकाच्या डिस्कचे भाग पाडायचे, आणि त्यात चूक झाली तर जुने सारे पुसले जाण्याची भीती. कचेरीतला कारकून किंवा शाळेतला शिक्षक हे धाडस कशाला करील? म्हणजे प्रणाली मुक्त होती, पण तिच्या दारात जाणकारांचीच गर्दी होती. १९९२ साली ‘इग्ड्रासिल’ नावाची प्रणाली सीडीवरून चालवून पाहण्याची सोय झाली, तरी त्या काळचे सीडीचालक मंद होते आणि ते होते तरी किती जणांकडे!

ही कोंडी खऱ्या अर्थाने फोडली ती जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी. २००० साली त्यांनी ‘क्नॉपिक्स’ लोकांपुढे ठेवली. युक्ती अशी. सातशे एमबीच्या सीडीवर त्यांनी सुमारे दोन जीबींचा ऐवज दाबून बसवला. संगणक सुरू होताना डिस्कऐवजी सीडी वाचतो, गाभा तात्पुरत्या स्मृतीत म्हणजे रॅममध्ये चढतो, पडदा, कळफलक, आवाज यांची ओळख प्रणाली आपणच करून घेते, आणि लागेल तेवढाच मजकूर उलगडून वापरते. तुम्ही जे काही बदल कराल ते रॅममध्येच राहतात. संगणक बंद केला की पाटी कोरी! सीडी काढा, पुन्हा सुरू करा, आपली जुनी प्रणाली जशीच्या तशी हजर.

२००४ साली दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांच्या पुढाकाराने ‘उबुंटू’ आली. मागणी करणाऱ्याला तिच्या सीडी टपालाने विनामूल्य घरपोच मिळत, आणि हा उपक्रम २०११पर्यंत चालला. २००६पासून एकाच सीडीवर आधी चालवून पाहण्याची आणि पसंत पडल्यास तिथूनच बसवण्याची सोय झाली. आपल्याकडे कांदेपोहे आधी आणि सुपारी नंतर, तसाच हा क्रम.

पेन ड्राइव्हही २०००च्या सुमारासच बाजारात आले. पहिल्यांची क्षमता होती अवघी आठ एमबी. आज आठ जीबीचा, म्हणजे हजारपट मोठा पेन ड्राइव्ह या कामाला पुरतो. शिवाय सीडीवर लिहिता येत नसे, इथे येते. त्यामुळे थोडी जागा राखून ठेवली तर आपले लेखन आणि आपल्या पसंतीची मांडणीही त्याच्यावर सोबत नेता येते.

हे सारे आजच सांगण्याचे कारण असे, की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार संपला. तिच्या पुढच्या आवृत्तीला विशिष्ट सुरक्षा-चिप लागते, आणि सर्वसाधारणपणे २०१७च्या आधीचे प्रोसेसर तिला चालत नाहीत. देणग्यांतून उभ्या राहिलेल्या शाळांचे संगणक बहुधा याच वयाचे असतात. ते भंगारात घालायचे का? आमच्या हायस्कुलातल्या अशाच एका यंत्रावर मी पेन ड्राइव्ह लावून पाहिला. वाय-फाय लगेच लागले, लेखनाची आणि हिशेबाची साधने होती, परीक्षांचे अर्ज ब्राउझरमध्ये उघडले. जुन्या प्रिंटरने मात्र दाद दिली नाही. पैसे खर्च करण्याआधी हे कळले, हाच या बिऱ्हाडाचा उपयोग.

दुसरी गोष्ट भाषेची. भारतीय मानक ब्यूरोने १९९१च्या प्रमाणात जो इनस्क्रिप्ट कळफलक दिला, तो या प्रणालींत तयारच असतो. त्याची खुबी अशी, की इंग्रजी ‘के’च्या कळीवर मराठीत ‘क’ आहे आणि कन्नडमध्येही ‘क’च आहे. सीमाभागातल्या ज्या मुलाला दोन्ही लिपी लिहाव्या लागतात, त्याची बोटे एकदाच शिकतात. पडद्यावरच्या सूचनांचा मराठी अनुवादही पुष्कळसा स्वयंसेवकांनीच केला आहे. जिथे आपल्या भाषेच्या पाटीसाठी दुसऱ्याच्या परवानगीकडे पाहावे लागते, तिथे या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. युनिकोडपूर्वीच्या फॉण्टांत टाइप केलेले जुने मराठी मजकूर रूपांतर केल्याशिवाय नीट दिसत नाहीत. केवळ विंडोजसाठी केलेले काही कार्यक्रम चालत नाहीत. प्रणालीची फाइल पेन ड्राइव्हवर नुसती उतरवून भागत नाही, तिची प्रतिमा लिहिणारे साधन वापरावे लागते, आणि तसे करताना पेन ड्राइव्हवरचे आधीचे सारे जाते. पडद्यावर ‘वापरून पाहा’ आणि ‘बसवा’ असे दोन पर्याय आले, की पहिलाच निवडावा. दुसरा निवडण्यापूर्वी महत्त्वाच्या कागदांची प्रत अन्यत्र ठेवावी.

केरळच्या सरकारी शाळांत मुक्त प्रणालीवर संगणक शिकवण्याची परंपरा रुजली आहे. आपल्याकडे शासकीय आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. दिवाळीच्या सुटीत प्रत्येक हायस्कूलने आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह घ्यावा, दोन शिक्षक आणि चार उत्साही विद्यार्थी बसवावेत, आणि धूळ खात पडलेली यंत्रे एकेक करून तपासावीत. कोणत्या यंत्रावर काय चालले, काय अडले, याची वहीत नोंद ठेवावी. संगणक बदलायचे की नाहीत, याचा निर्णय शाळासमितीने ती वही समोर ठेवून घ्यावा.