औषधाच्या बाटलीमागचा शंभर रुपयांचा अर्ज



धानावर तुडतुडा दिसला की आपण गावच्या कृषी केंद्रात नाही तर थेट तुमसरला जातो आणि बाटली घेऊन येतो. बाटलीचा भाव करतो, चार रुपये कमी करून घेतो. पण ती बाटली दुकानात येण्याच्या फार आधी कंपनीने सरकारकडे एक अर्ज केलेला असतो. त्या अर्जाला फी असते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ही नोंदणी फी ठरवली, ती शंभर रुपये. एवढ्याशा पैशात विष विकायची मोकळीक मिळते की काय, असे तुम्हांला वाटेल. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे डी.डी.टी. आणि बी.एच.सी. या भुकट्या आल्या. बी.एच.सी.चा पहिला कारखाना १९५२ मध्ये कलकत्त्याजवळ रिश्रा येथे निघाला. गावातली म्हातारी माणसे त्या भुकटीला गॅमेक्सिन म्हणत. पिकावरच्या औषधांसाठी वेगळा असा केंद्राचा कायदा तेव्हा नव्हता. नोंदणी नाही, तर अर्ज कुठला आणि फी कुठली! औषध कोणत्या पिकाला, किती मारायचे, पोटात गेले तर काय करायचे, हे सगळे विकणाऱ्याच्या तोंडावर.

मग १९५८ साल उजाडले. एप्रिल-मे महिन्यांत केरळात गव्हाच्या पिठाचे पदार्थ खाऊन माणसे पटापट आजारी पडली. शंभराहून जास्त माणसे दगावली. चौकशीत निघाले की पिठाच्या पोत्यांबरोबर बोटीवर फॉलिडॉल, म्हणजे पॅराथिऑन नावाचे जहाल कीटकनाशक चढवले होते. ते सांडले आणि पिठात उतरले. ज्यांनी हे पीठ खाल्ले, त्यांनी शेतात पंपाला हातही लावलेला नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. पुढे तज्ज्ञांची समिती झाली, आणि १९६८ मध्ये संसदेने कीटकनाशक कायदा केला. तो पुरता अंमलात यायला १९७१ चा ऑगस्ट उजाडला. दुर्घटनेपासून तेरा वर्षे! सरकारी गाडा सावकाश चालतो, हे काय तुम्हांला मी सांगायला पाहिजे?

या कायद्याने नोंदणी समिती आली. ज्याला औषध बनवायचे किंवा बाहेरून आणायचे, त्याने प्रत्येक औषधाला वेगळा अर्ज करायचा, आणि शंभर रुपयांचा बँक ड्राफ्ट फरीदाबादच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाच्या नावे जोडायचा. औषध सांगितल्याप्रमाणे काम करते का, माणसाला आणि जनावराला सुरक्षित आहे का, याची खात्री समितीने करायची. त्यासाठी मुदत एक वर्ष, गरज पडली तर आणखी सहा महिने.

आता यातली मेख पाहा. शंभर रुपये हे कागदाचे. खरा खर्च अर्जासोबतच्या माहितीचा असतो. औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीवर, किती मात्रेत चालले, याचे शेतातले प्रयोग लागतात. त्याचे विष उंदराला, माशाला, मधमाशीला किती बाधते, दाण्यात त्याचा अंश किती उरतो, हे दाखवावे लागते. हा सगळा खर्च कंपनी करते. समितीचे शास्त्रज्ञ ते कागद तपासतात आणि त्यांचा पगार सरकारी तिजोरीतून होतो. अमेरिकेत २००४ पासून तपासणीची फी कंपनीकडूनच घेतात. खाण्याच्या पिकावरच्या अगदी नव्या औषधाला ती काही लाख डॉलर आहे, आणि त्या बदल्यात निकालाची मुदत बांधलेली असते.

फी वाढवली की सगळे नीट होईल, असे मात्र मला वाटत नाही. आपल्याकडे धान काढल्यावर बांधीत लाखोळी असते, कुठे जवस असतो. या पिकांवर औषध खपणार ते किती? प्रयोगांचा खर्च निघत नाही म्हणून कंपनी कापसाचे, धानाचे नाव घालून अर्ज करते आणि लाखोळी राहून जाते. त्यात फी भारी केली तर लहान पिकांना कोणी विचारणारही नाही. म्हणून धानाची उरलेली बाटली लाखोळीवर मारू नका. लाखोळीवर त्याची मात्रा कोणी तपासलेलीच नसेल.

आणि नोंदणी झाली म्हणजे विषाचे पाणी झाले, असेही नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांत वापरलेली औषधे नोंदणी झालेलीही होती. तेव्हा राज्य सरकारने पाच औषधांची विक्री साठ दिवस थांबवली.

नोंदणी काढूनही घेता येते. गादमाशीसाठी रोवणीनंतर बांधीत पाणी बांधून फोरेटचे दाणे टाकायची शिफारस आपल्याकडे कित्येक वर्षे होती. २०१३ मध्ये डॉ. अनुपम वर्मा यांच्या समितीने ६६ औषधे पुन्हा तपासायला घेतली, २०१८ मध्ये केंद्राने १८ औषधांवर बंदीचा आदेश काढला, आणि ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेट बंद झाले. कोणाच्या घरी माळ्यावर जुनी पिशवी असेल तर ती बांधीत टाकू नका. नाल्यात किंवा बोडीतही टाकू नका. कृषी सहायकाला दाखवा.

बाटली हातात घेतली की तीन गोष्टी पाहा: नोंदणी क्रमांक, तुमच्या पिकाचे नाव, आणि शेवटची तारीख. "टॉनिक आहे, कीडही मरते" असे सांगून कोणी नोंदणी क्रमांक नसलेली बाटली देत असेल तर ती घेऊ नका. दुकानदाराकडून पक्के बिल घ्या, नियमाप्रमाणे ते त्याने द्यायलाच हवे. बिलावर औषधाचे नाव आणि बॅच क्रमांक लिहून घ्या. औषध भेसळीचे वाटले तर नमुना घ्यायचा अधिकार कीटकनाशक निरीक्षकाला आहे. पंचायत समितीच्या कृषी विभागात जाताना ते बिल आणि बाटली दोन्ही सोबत न्या.