पटावरचें युद्ध व पंचाचा निवाडा

सारीपाटावर पडलेलें दान रुचलें नाहीं म्हणजे लहान मूल तें पुन्हां टाकण्याचा हट्ट धरतें आणि वडील माणसें तो हंसून पुरवितात. हाच हट्ट एका बलाढ्य आरमारानें कसा पुरविला, तें आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

नकाशावर सैन्यें मांडून, दैवाचा अंश म्हणून फांसे टाकून आणि पंच नेमून अधिकाऱ्यांस युद्ध शिकविण्याची पद्धत प्रशियाच्या सैन्यांत रायस्विट्झ यानें १८२४ सालीं रूढ केली. पुढें विमानें आलीं, तेव्हां तिचें महत्त्व वाढलें. कारण हवाई हल्ल्याचा निकाल कांहीं मिनिटांत लागतो, आणि त्या वेळीं विचारास सवड नसते.

१९४२ च्या मे महिन्याच्या आरंभीं जपानी आरमारानें मिडवे बेटावरील नियोजित स्वारीचा असाच खेळ 'यामातो' या युद्धनौकेवर मांडला. यामामोतो यांचे प्रमुख साहाय्यक उगाकी हे मुख्य पंच होते. ओकुमिया या दुय्यम पंचानें मागाहून लिहिलेली हकीकत अशी: जपानी विमानें बेटाकडे गेलीं असतां बेटावरील विमानांनीं जपानी नौकांवर हल्ला केला. फांसा पडला, नऊ बाँब लागले, 'आकागी' व 'कागा' या विमानवाहू नौका बुडाल्या. उगाकींनीं नवांचे तीन करविले. मग एकटी 'कागा' बुडाली. आणि पुढच्या डावांत तीहि पुन्हां तरंगूं लागली!

४ जून रोजीं खऱ्या समुद्रावर या दोन नौकांसह 'सोर्यू' व 'हिर्यू' मिळून चारहि नौका निकामी झाल्या. तथापि प्रांजळपणें सांगावयाचें तर बेटावरून आलेल्या विमानांचा एकहि बाँब त्यांस लागला नव्हता. घात केला तो अमेरिकन विमानवाहू नौकांवरील विमानांनीं. म्हणजे फांशानें भविष्य वर्तविलें नव्हतें, आणि नऊ हा आंकडा अधिक वाटणेंहि गैर नव्हतें. फांशानें फक्त प्रश्न विचारला होता: आपण बेटाशीं गुंतलों असतां शत्रु आकाशांतून आला तर? त्याचें उत्तर शोधावयाचें सोडून प्रश्नच पुसला गेला.

आम्हीं अनेक वर्षें उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. दयेपोटीं दोन गुण वाढविण्याचा मोह आम्हांसहि झाला आहे. त्यानें विद्यार्थी उत्तीर्ण होतो. परंतु आपणांस काय येत नाहीं हें त्यास कळत नाहीं. पटावरची नौका बुडाली तर कोणाचा जीव जात नाहीं. म्हणूनच तिला तेथें बुडूं द्यावें.