बंद पडलेल्या मोटार उद्योगाच्या दस्तऐवजांचे व वस्तूंचे जतन : स्टुडबेकर कंपनीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासात चालू उद्योगापेक्षा बंद पडलेल्या उद्योगाचा अभ्यास अधिक कठीण असतो. कारखान्याला टाळे लागले की यंत्रे भंगारात जातात, जमीन विकली जाते आणि कागदपत्रांना कोणी वाली उरत नाही. मोटार उद्योगाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. जुन्या मोटारी जपणारे हौशी संग्राहक जगभर आढळतात. परंतु त्या मोटारी घडविणाऱ्या कारखान्याचे आराखडे, नोंदवह्या व पत्रव्यवहार जपण्याची तळमळ क्वचितच दिसते. या दृष्टीने अमेरिकेतील स्टुडबेकर या कंपनीचे उदाहरण अभ्यसनीय आहे.

उद्दिष्टे :
१. स्टुडबेकर कंपनीच्या वाटचालीचा थोडक्यात आढावा घेणे.
२. कंपनीच्या संग्रहाचे जतन कोणत्या परिस्थितीत झाले, हे तपासणे.
३. अशा जतनाचे सामाजिक महत्त्व व मर्यादा स्पष्ट करणे.

कंपनीची वाटचाल :
इ.स. १८५२ मध्ये हेन्री व क्लेमेंट या स्टुडबेकर बंधूंनी इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे लोहारकामाचे दुकान सुरू केले. घोडागाड्यांच्या निर्मितीत त्यांनी मोठा लौकिक मिळविला. कंपनीने १९०२ मध्ये विजेवर चालणारी व १९०४ मध्ये पेट्रोलवर चालणारी मोटार बाजारात आणली. घोडागाडीच्या युगातून मोटारयुगात यशस्वीपणे पाऊल टाकणाऱ्या मोजक्या कंपन्यांमध्ये तिची गणना होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र मोठ्या कंपन्यांच्या स्पर्धेत तिला टिकाव धरता आला नाही. १९५४ मध्ये पॅकार्ड कंपनीशी झालेल्या एकत्रीकरणानेही परिस्थिती सुधारली नाही. डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंड येथील मोटारनिर्मिती थांबली आणि मार्च १९६६ मध्ये कॅनडातील हॅमिल्टन येथील कारखानाही बंद झाला.

संग्रहाची जडणघडण व हस्तांतर :
कंपनीच्या संग्रहाचा आरंभ बराच जुना आहे. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन ज्या बग्गीतून १८६५ मध्ये हत्येच्या रात्री नाट्यगृहात गेले, ती बग्गी क्लेमेंट स्टुडबेकर यांनी १८८९ मध्ये विकत घेतली. ती स्टुडबेकरच्या कारखान्यात बनलेली नव्हती. तिच्या खरेदीमागे इतिहासप्रेमाइतकीच कंपनीची प्रतिष्ठा वाढविण्याची दृष्टी असावी. पुढे इतर राष्ट्राध्यक्षांच्या बग्ग्या व कंपनीची स्वतःची वाहने यांची त्यात भर पडली. १९६६ मध्ये कंपनीने वाहनांचा हा संग्रह आपल्या दस्तऐवजांसह साउथ बेंड शहराला देणगी म्हणून दिला.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. मोटारनिर्मिती बंद झाली तरी कंपनी दिवाळखोर झालेली नव्हती. इतर व्यवसायांच्या बळावर ती अस्तित्वात होती व १९६७ मध्ये तिचे वर्दिंग्टन कंपनीशी एकत्रीकरण झाले. त्यामुळे संग्रह दान करण्याचा अधिकार तिच्याच हाती राहिला. याउलट, स्वीडनमधील साब ऑटोमोबाइल कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा ट्रोलहेटान येथील तिचे संग्रहालय देणेकऱ्यांची रक्कम वसूल करण्यासाठी विक्रीस निघाले. सुमारे १२० मोटारींचा हा संग्रह २०१२ मध्ये ट्रोलहेटान नगरपालिका, साब एबी ही विमाननिर्मिती कंपनी व वॉलेनबर्ग प्रतिष्ठान यांनी मिळून २ कोटी ८० लाख क्रोनरना विकत घेतला, म्हणून तो एकत्र राहिला. उद्योग कोणत्या पद्धतीने बंद पडतो, यावर त्याच्या स्मृतींचे भवितव्य अवलंबून असते, असे यावरून दिसते.

दस्तऐवजांचे मूल्य :
साउथ बेंड येथील स्टुडबेकर राष्ट्रीय संग्रहालय २००५ पासून स्वतंत्र इमारतीत आहे. तेथे वाहनांबरोबरच अभियांत्रिकी आराखडे, छायाचित्रे, जाहिराती व उत्पादन-आदेश जपलेले आहेत. उत्पादन-आदेशात एकेका मोटारीचा रंग, इंजिन, जोडसाहित्य व ती कोणत्या विक्रेत्याकडे रवाना झाली, याची नोंद असते. या कागदाविना जुनी मोटार ही केवळ एक शोभेची वस्तू ठरते. कागदामुळे ती पुरावा बनते.

कामगारांचा इतिहास :
साउथ बेंडचा कारखाना बंद झाल्याने सुमारे ७,००० कामगार बेकार झाले. निवृत्तिवेतन निधीत पुरेशी रक्कम नव्हती. परिणामी, निवृत्त झालेल्या व साठी ओलांडलेल्या सुमारे ३,६०० जणांना पूर्ण निवृत्तिवेतन मिळाले. ४० ते ५९ वयोगटातील सुमारे ४,००० कामगारांच्या हाती हक्काच्या रकमेचा जेमतेम १५ टक्के भाग पडला आणि त्याहून तरुण असलेल्या सुमारे २,९०० जणांना काहीच मिळाले नाही. या घटनेची चर्चा पुढे अमेरिकन काँग्रेसपर्यंत पोहोचली व १९७४ मध्ये निवृत्तिवेतनाला संरक्षण देणारा कायदा झाला. बग्गी आणि मोटार यांच्याकडे पाहून हा इतिहास कळत नाही. त्यासाठी करारपत्रे, संघटनेची कागदपत्रे व कामगारांच्या आठवणी यांचाच आधार घ्यावा लागतो. उद्योगसंस्थेने जमविलेला संग्रह प्रामुख्याने तिचे वैभव सांगतो. तिच्या अपयशाची किंमत कोणी मोजली, हे सांगण्याची जबाबदारी इतिहासकारांवर येते.

महाराष्ट्राच्या संदर्भात :
वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून बाहेर पडलेल्या पद्मिनी मोटारी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झाल्या. त्या वेळी एखादी तरी टॅक्सी जपावी, अशी भावना व्यक्त झाली. ही भावना योग्यच आहे. परंतु कुर्ल्यातील कामगारांच्या वेतनचिठ्ठ्या, संघटनेची पत्रके, ओळखपत्रे व छायाचित्रे यांनाही तितकेच मोल आहे. ही साधने मुख्यतः कुटुंबांच्या पेट्यांत असतात आणि पिढी बदलली की रद्दीत जातात.

निष्कर्ष :
१. वस्तू व दस्तऐवज एकत्र जपले तरच त्यांना ऐतिहासिक पुराव्याचे मूल्य प्राप्त होते.
२. जतनाचा निर्णय उद्योग सुस्थितीत असतानाच होणे इष्ट आहे. दिवाळखोरीनंतर तो देणेकऱ्यांच्या हाती जातो.
३. कंपनीच्या संग्रहाला कामगारांच्या साधनांची जोड न मिळाल्यास इतिहास एकांगी राहतो.
४. औद्योगिक परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने मौखिक मुलाखती व कौटुंबिक कागदपत्रांच्या प्रती जमा करण्याचे काम हाती घेतल्यास, अल्प खर्चात ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघू शकेल.