आईच्या रोजनिशीतील वऱ्हाड
पावसाळ्यात आगबोटी बंद होत आणि होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात, त्या काळी कुलाबा जिल्ह्यातील विवाहाचा मुहूर्त पंचांगाइतकाच समुद्राच्याही अधीन असे, हे आईच्या रोजनिशीतील मावशीच्या लग्नाची पाने वाचताना मनावर ठसते. माहेर अलिबागचे, इंग्रजी अंमलातले. सासर मुरुडचे, जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाच्या हबसाण संस्थानातले. त्यामुळे १९४८ साली ते संस्थान विलीन होईपर्यंत, रेवदंड्याची खाडी तरीतून ओलांडणारे वऱ्हाड एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाई. आईने मात्र या सरहद्दीस एका ओळीचेही स्थान दिलेले नाही. तिने टिपले ते व्याह्यांचे मानपान, वाडीतील नारळ-सुपारीचा हिशेब आणि भरतीची वेळ. अंमल कोणाचा, हे सरकारी दफ्तरांनी जपले. संसार कशावर चालला, हे अशा वह्यांनीच.