तालुक्याच्या गावात डिझाइन आणि वेबसाइटचं ऑफिस: नोंदणी, दर, मराठी फाँट आणि अडकलेली उधारी

बार्शी असो, करमाळा असो की सांगोला, बसस्थानकाच्या आसपास 'फ्लेक्स, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड' अशी पाटी दिसतेच. गेल्या काही वर्षांत त्या पाटीवर 'वेबसाइट बनवून मिळेल' ही ओळही आली. डाळिंबाच्या रोपवाटिका, शेतकरी उत्पादक कंपन्या, मंगल कार्यालयं, क्लासेस, दवाखाने सगळ्यांनाच आता नाव, लोगो आणि मोबाइलवर उघडणारं पान हवं असतं. म्हणजे कामाची कमतरता नाही. तरीही अशी अनेक ऑफिसं वर्ष-दोन वर्षांत बंद पडतात, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण डिझाइन नसतं, वसुली असते.

सुरुवातीची कागदपत्रं

एकट्या माणसाला कंपनी काढायची गरज नाही. प्रोप्रायटरशिप पुरते. शॉप ॲक्टची पावती 'आपले सरकार' पोर्टलवरून मिळते, तिच्यावर बँकेत करंट खातं उघडतं. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि ती पूर्ण मोफत आहे. त्यासाठी हजार-दोन हजार मागणारा एजंट भेटला, तर सरळ नाही म्हणावं. सेवा व्यवसायाला जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की लागते. नोंदणी झाल्यावर डिझाइन आणि वेबसाइटच्या बिलावर १८ टक्के कर लागतो, हे दर ठरवतानाच ध्यानात ठेवलेलं बरं.

भांडवलासाठी मुद्रा कर्जाचा शिशु गट ५० हजारांपर्यंत आहे, एक बरा कॉम्प्युटर आणि यूपीएस त्यात बसतो. मोठं काम करायचं असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा प्रकल्पाची मर्यादा २० लाख आहे. अनुदान ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे विशेष गटाला ३५ टक्के. शहरी भागात हेच १५ आणि २५ होतं. मात्र ही योजना नव्या उद्योगालाच आहे. आधी धंदा चालू केला, मशीन घेतलं आणि मग अर्ज केला, तर तो फेटाळला जातो. अनुदानही हातात रोख येत नाही, ते तीन वर्षं बँकेत अडकून राहतं. अर्ज करण्याआधी योजनेची सद्यस्थिती जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्यावी.

मराठी अक्षरांचा घोळ

तालुक्यातल्या डिझायनरचा सर्वात जास्त वेळ इथे जातो. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सॲपवर टाकतं, तो युनिकोडमध्ये असतो. ऑफिसात मात्र कोरलड्रॉ जुनं आणि फाँट श्रीलिपीच्या पद्धतीचे. मजकूर पेस्ट केला की जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते, 'कीर्ती'चा रफार गायब होतो. कन्व्हर्टर वापरता येतो, पण त्यातून आलेला मजकूर पुन्हा वाचावाच लागतो. 'सुर्‍या' आणि 'सूर्या' यातला फरक मशीनला कळेलच असं नाही. लग्नपत्रिकेत चुकलेलं एक आडनाव पाचशे प्रतींचा खर्च अंगावर आणतं.

वेबसाइटसाठी जुने फाँट पूर्ण बाद. मोबाइलवर ते अक्षर दिसतच नाही, आणि दिसलं तरी गूगलच्या शोधात सापडत नाही. मुंबईच्या एक टाइपने बनवलेले मुक्त, बलू यांसारखे युनिकोड फाँट फुकट आहेत आणि धंद्यातही वापरता येतात. पानाची भाषा कोडमध्ये मराठी अशी नोंदवली, तर ज्या फाँटमध्ये सोय असते त्यात 'ल' आणि 'श' हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे येतात. दोन मिनिटांचं काम आहे, पण बरेच जण करत नाहीत. देवनागरीत '.भारत' हे डोमेनही २०१४ पासून मिळतं.

फोटोचं दुखणं वेगळंच. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावं. फ्लेक्स लांबून बघतात, त्याला ७२ डीपीआय चालतं. हातात धरायच्या कार्डाला ३०० हवं. आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कुठल्या नेत्याचा फोटो वर आणि कुणाचा खाली, याचा निर्णय डिझायनरने स्वतः कधीही घेऊ नये. तो लेखी मागून घ्यावा. लोकसभा-विधानसभा निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने बंधनकारक आहे. नाही छापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दर कसा काढायचा

शेजारच्या दुकानापेक्षा पन्नास रुपये कमी, हा दर काढण्याचा मार्ग नव्हे. समजा भाडं, वीज, इंटरनेट, कर्जाचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला २५ हजार लागतात, आणि बिल करता येईल असं काम महिन्यात १०० तास होतं. मग तासाला २५० रुपये ही तळाची रेषा झाली. आठ तासांचा लोगो दोन हजारांच्या खाली परवडत नाही. फेऱ्या मारणं, फोनवरची चर्चा, 'जरा रंग बदलून बघू' हे सगळं त्या तासांत धरावं. दोन वेळा दुरुस्ती फुकट, तिसऱ्यापासून पैसे, असं आधीच सांगितलेलं बरं.

लोगो ऑनलाइन तयार टेम्पलेटवरून उचलून दिला, तर गिऱ्हाईकाला पुढे त्याचा ट्रेडमार्क घेताना अडचण येते. कॅनव्हाच्या अटींतच टेम्पलेटवरच्या लोगोचा ट्रेडमार्क चालत नाही. डिझाइनचा हक्क गिऱ्हाईकाला द्यायचा तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो लेखी द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षंच धरली जाते.

डोमेन कुणाच्या नावावर?

तालुक्यात सर्वाधिक भांडणं या एका गोष्टीवरून होतात. डिझायनर स्वतःच्या ईमेलवर डोमेन घेतो, नूतनीकरणाचा मेल त्यालाच येतो. तो पुण्याला नोकरीला लागतो, नंबर बदलतो, आणि रोपवाटिकेचं संकेतस्थळ ऐन हंगामात बंद पडतं. म्हणून डोमेन गिऱ्हाईकाच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर घ्यावं. पासवर्ड त्याला कागदावर द्यावा. गिऱ्हाईकानेही तो मागून घ्यावा, त्यात भिडेचं कारण नाही. वर्डप्रेस स्वतः फुकट आहे, पैसे लागतात ते डोमेन, होस्टिंग आणि देखभालीला. हे तिन्ही बिलावर वेगळे दाखवले की पुढच्या वर्षी 'आता कसले पैसे?' हा प्रश्न येत नाही.

उधारी

'आपलंच काम आहे, कारखान्याचं बिल आलं की देतो.' हे वाक्य ऐकल्यावर निम्मे पैसे आगाऊ घ्यायला तोंड उघडणं अवघड जातं, हे खरं. पण फ्लेक्सचं कापड आणि शाई डिझायनरनेही रोख आणलेली असते. निम्मी रक्कम आधी, मंजुरीचा मेसेज व्हॉट्सॲपवर आल्यावरच छपाई, आणि मूळ फाइल पूर्ण पैसे मिळाल्यावर, ही पद्धत नातेवाइकांनाही लागू करावी.

संस्था, कंपनी किंवा कार्यालयाने पैसे थकवले तर उद्यम नोंदणी कामी येते, मात्र ती काम करण्याच्या आधीची हवी. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढीने व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरातही नियम आला: सूक्ष्म व लघु उद्योगाचं बिल या मुदतीत दिलं नाही, तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळते. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की कंपनीचा अकाउंटंट ते मार्चअखेरीच्या आत बाजूला काढतो. त्यासाठी तारीख असलेलं बिल आणि कामाची ऑर्डर, निदान मेसेजचा स्क्रीनशॉट तरी, जपून ठेवलेला लागतो.