पुष्पक
पुष्पक : बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याचे हलके, दोन आसनी नागरी विमान. वि. मा. घाटगे (पहा : घाटगे, विष्णू माधव) यांच्या काळातील या विमानाचे पहिले उड्डाण २८ सप्टेंबर १९५८ रोजी झाले. वर बसवलेला, तिरक्या आधारदांड्यांचा पंख, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड, शेपटीखाली चाक आणि ९० अश्वशक्तीचे काँटिनेंटल इंजिन ही त्याची रचना. अमेरिकन एरोन्का चीफशी उघड साम्य असल्याने याला निव्वळ नक्कल म्हणतात. आराखड्याच्या उगमापुरता तो आक्षेप खरा. पण याच विमानातून पुढे मोठे कृषक (पहा) घडले, आणि नुसत्या नकलेतून असा विस्तार साधत नाही. सुमारे १६० पुष्पके बनली. ती मुख्यतः देशातील फ्लाइंग क्लबांकडे गेली.