खटला कोठे चालावा : निवड कोणाची?

मनावरच्या पश्चिमेस, जुन्या अलीराजपूर संस्थानातील भाबरा गावी १९०६ साली चंद्रशेखर तिवारी यांचा जन्म झाला. १९२१ साली असहकार चळवळीत काशीस ते पकडले गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे १५ वर्षांचे होते. नाव विचारता त्यांनी 'आझाद' असे सांगितले आणि १५ फटके सोसले, ही हकीकत आमच्या भागात घरोघरी सांगितली जाते. त्या मुलाच्या बाणेदारपणाचे आपण कौतुक करतो. परंतु 'माझा न्याय प्रौढांप्रमाणे करा' असे एखाद्या अल्पवयीनाने मागितले, तर कायद्याने ते मान्य करावे काय?

अमेरिकेत हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. तेथे १८९९ साली शिकागोस पहिले बालन्यायालय स्थापन झाले. शिक्षेपेक्षा सुधारणेवर भर, हे त्याचे तत्त्व. मात्र अशा न्यायालयात ज्यूरीचा घटनादत्त हक्क नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ठरविले. आपल्या निर्दोषपणाची खात्री असणाऱ्या मुलास ज्यूरी हवीशी वाटणे स्वाभाविकच आहे. फ्लोरिडा राज्याच्या कायद्याने तर पालकांच्या साथीने तशी लेखी मागणी करण्याची मुभा दिली आहे.

आपली वाट निराळी. मुंबई इलाख्यात मुलांसाठी १९२४ साली स्वतंत्र कायदा झाला. देशभर एकसूत्री कायदा १९८६ मध्ये आला. २०१५ च्या कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालविता येतो. पण तो निर्णय बाल न्याय मंडळाने प्राथमिक मूल्यमापनानंतर घ्यावयाचा असतो. शिवाय बालकाचा कोणताही हक्क त्यास स्वतःस वा त्याच्या वतीने इतरांस सोडून देता येणार नाही, असे तत्त्व त्यात नमूद आहे.

हे तत्त्व किती मोलाचे, ते पुण्यातील एका खटल्यावरून कळते. १९९४ साली तेथे एकाच घरातील सात जणांची हत्या झाली. आरोपींपैकी एकावर प्रौढ म्हणून खटला चालला. १९९८ मध्ये त्यास फाशीची शिक्षा झाली आणि ती २००० साली सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिली. २०१८ मध्ये त्याने अल्पवयाचा दावा केला. शाळेची नोंद तपासली गेली आणि गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता, असे २०२३ च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाने ठरविले. तोवर त्याने २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. सात बळींचे दुःख त्यामुळे हलके होत नाही. पण जी शिक्षा कायद्याने त्यास देताच येत नव्हती, ती झाली होती. दावा केव्हाही करता येतो, अशी तरतूद नसती तर त्याचे मौन हीच त्याची संमती ठरली असती.

शासकीय सेवेत असताना मी असंख्य दाखले पाहिले. जन्मतारीख १ जुलै, गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली! ज्या मुलास स्वतःचे वयही नेमके ठाऊक नाही, त्याने आपले न्यायालय निवडावे कसे? त्याच्या नावे ही निवड वडील, वकील किंवा पोलीसच करतील.

राज्यास मुलाला प्रौढ ठरविता यावे, मुलास मात्र नाही, ही विषमता बोचते खरी. तिचा उपाय मंडळाच्या मूल्यमापनास अधिक काटेकोर करण्यात आहे, मुलाच्या सहीत नाही. आझाद विरळा, कायदा मात्र शेकडो गोंधळलेल्या, घाबरलेल्या मुलांसाठी करावा लागतो.